ताणली की फाटते: जातिवंत पिल्लांमधले कोलॅजनचे आनुवंशिक आजार कसे ओळखावेत आणि कसे सांभाळावेत

लॅब्राडॉरचं तीन महिन्यांचं पिल्लू भावंडांशी खेळताना खरचटतं आणि जिथे साधा ओरखडा उमटायला हवा तिथे चांगली तीन इंचांची जखम उघडते. रक्त फारसं येत नाही. जखम माशाच्या तोंडासारखी आ वासते, कडा पांढुरक्या दिसतात, आणि पिल्लू मात्र शेपूट हलवत पुन्हा खेळायला धावतं. टाके घातले तर दोन-तीन दिवसांत ते कातडी कापत बाहेर येतात. मग घरात संशयाला सुरुवात होते. दुसऱ्या कुत्र्याने फाडलं असेल, मुलांनी ओढलं असेल, डॉक्टरांनी टाके नीट घातले नसतील.

असं एकदा झालं तर अपघात समजावा. तेच पुन्हा झालं, तर पिल्लाच्या बांधणीतच खोट असू शकते हे मनात आणायला हवं. आणि ती खोट नक्की कोणत्या जनुकात आहे हे कळायला महिने लागले, किंवा कधीच कळलं नाही, तरी काळजी मात्र त्याच दिवसापासून सुरू करता येते. या आजारांत औषधापेक्षा घराची मांडणी जास्त उपयोगी पडते.

शरीरात काय बिघडलेलं असतं

कातडी, स्नायुबंध, रक्तवाहिन्यांच्या भिंती, हाडांचा साचा, डोळ्यांचे पडदे या सगळ्यांना बळकटी देणारं मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजन. ते तयार करणाऱ्या किंवा त्याचे धागे नीट जुळवणाऱ्या जनुकात दोष असला, की संयोजी ऊती, म्हणजे अवयवांना आधार देऊन जोडून ठेवणारे भाग, कमकुवत होतात. कुठलं जनुक बिघडलं आहे त्यावर दुखणं कुठे दिसणार ते ठरतं.

सगळ्यांत जास्त ऐकू येणारं नाव एहलर्स-डॅन्लॉस सिंड्रोमचं, म्हणजे कातडी जास्त ताणली जाऊन सहज फाटण्याच्या आजाराचं. डेन्मार्कचे एडवर्ड एहलर्स यांनी १९०१ मध्ये आणि फ्रान्सचे आंरी-अलेक्झांद्र डॅन्लॉस यांनी १९०८ मध्ये माणसांतल्या या आजाराचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. कुत्री, मांजरं, गुरं, घोडे यांच्यातही तो आढळतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत इंग्लिश स्प्रिंगर स्पॅनियल कुत्र्यांत त्याचा अभ्यास झाला. अलीकडे लॅब्राडॉरमध्ये सीओएल५ए१ या जनुकातले आणि डोबरमनमध्ये एडीएएमटीएस२ या जनुकातले दोष सापडले आहेत. यातल्या एडीएएमटीएस२ चा संबंध पूर्वी बेल्जियममधल्या वासरांच्या अशाच आजाराशी लागलेला होता. त्या वासरांची कातडी नुसत्या हाताळण्यानेही फाटत असे.

याच घराण्यातले आणखी दोन आजार माहीत असलेले बरे: डॅशहुंडमधला ठिसूळ हाडांचा आणि बीगलमधला मुसलाडिन-ल्यूक सिंड्रोम. दोन्ही जाती आपल्याकडे फ्लॅटमध्ये हौसेने पाळल्या जातात, म्हणून त्यांच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

पहिली पायरी: सैल कातडी आणि ताणणारी कातडी यांत फरक करा

शार-पेई, बॅसेट हाउंड, मॅस्टिफ यांची कातडी घड्याघड्यांची असते. ती सैल असते, पण जाड आणि मजबूत असते, म्हणून सुरकुत्या म्हणजे आजार असं समजू नका. एहलर्स-डॅन्लॉसमध्ये कातडी मऊ आणि पातळ लागते, उचलली तर विचित्र वाटावी इतकी वर येते आणि सोडली की बहुधा पुन्हा जागेवर बसते. जुन्या जखमांच्या जागी पातळ, चकचकीत, सुरकुतलेले व्रण राहतात. पाठीवरचे केस दोन बोटांनी बाजूला करत मानेपासून शेपटीपर्यंत बघत जा. तुम्हाला आठवतही नसलेले असे व्रण सापडले, तर ती महत्त्वाची खूण आहे.

सोबत आणखी काही गोष्टी दिसू शकतात: कोपरावर पाण्याची मऊ गाठ, लस टोचलेल्या जागी रक्त साकळून आलेला फुगवटा, बेंबीचा किंवा जांघेचा हर्निया, गरजेपेक्षा जास्त वाकणारे सांधे. काहींच्या डोळ्यांत भिंग सरकतं किंवा मोतीबिंदू होतो. प्रत्येक पिल्लात सगळं दिसेलच असं नाही. कित्येकांचे सांधे उत्तम असतात आणि त्रास फक्त कातडीचा असतो.

दुसरी पायरी: साधी कारणं आधी बाजूला काढा

ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण दुर्मीळ आजारापेक्षा चुकीचा आहार आपल्याकडे कितीतरी पटींनी जास्त दिसतो. पिल्लाला महिनोन् महिने फक्त चिकन-भात किंवा दूध-पोळी दिली, तर कॅल्शियम आणि फॉस्फरसचा तोल बिघडतो. शरीर मग हाडांतलं कॅल्शियम ओढायला लागतं. पाय वाकतात, पिल्लू लंगडतं, किरकोळ उडीतही हाड मोडतं. एक्स-रेमध्ये हाडं पातळ दिसतात आणि आनुवंशिक ठिसूळपणाचा संशय येतो. पण संतुलित पपी फूड सुरू केलं की हे पिल्लू काही आठवड्यांत सुधारू लागतं. आनुवंशिक आजारात असं होत नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाताना पिल्लू रोज काय आणि किती खातं ते खरं खरं लिहून न्या. लाज वाटायचं काही कारण नाही.

याच्या उलट चूकही तितकीच होते. चांगलं पपी फूड चालू असताना वर कॅल्शियमचं सिरप पाजायची आपल्याकडे सवय आहे. मोठ्या जातींच्या वाढत्या पिल्लांत जादा कॅल्शियममुळे हाडांची वाढ बिघडते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते देऊ नका.

लॅब्राडॉर, जर्मन शेफर्डसारख्या पिल्लांचे पुढचे पंजे दोन-चार महिन्यांच्या वयात सैल पडून चपटे दिसतात. गुळगुळीत लादीवर वाढणाऱ्यांत हे जास्त दिसतं. पायाला पकड मिळेल अशी जमीन आणि योग्य आहार मिळाला की बहुतेक पिल्लं नीट होतात. खरूज, बुरशी, गोचिडांच्या चाव्यांवरचं खाजवणं यांमुळेही कातडी सोलपटते. त्यासाठी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची साधी तपासणी पुरते. प्रौढ कुत्र्याची कातडी अचानक पातळ झाली, तर आधी कुशिंगचा आजार (शरीरातच स्टेरॉइड संप्रेरक जास्त तयार होणं) किंवा स्टेरॉइडचा दीर्घ वापर यांचा विचार करायला हवा. जन्मजात आजार पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागतात.

तिसरी पायरी: मोजमाप

कातडी किती ताणली जाते ते आकड्यात सांगता येतं. पिल्लाच्या कमरेवरची कातडी, त्याला दुखणार नाही इतपतच, वर उचलून त्या घडीची उंची मोजतात. मग डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मोजतात. उंचीला लांबीने भागून १०० ने गुणायचं. कुत्र्यांत हा आकडा १४.५ टक्क्यांच्या वर गेला तर संशय बळावतो, मांजरांत १९ टक्क्यांच्या वर. समजा, पिल्लाची लांबी ४० सेंटिमीटर आहे आणि घडी ८ सेंटिमीटर उचलली गेली, तर उत्तर २० टक्के येतं, म्हणजे सरळ सरळ जास्त.

हे मोजमाप डॉक्टरांनाच करू द्या, आणि तेही एकदाच. पाहुण्यांना दाखवण्यासाठी कातडी ओढून बघण्याचा मोह पूर्ण टाळा, त्यातच ती फाटते. शिवाय घड्यांच्या जातींना हा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही.

चौथी पायरी: तपासण्या

कातडीचा छोटा तुकडा काढून केलेली बायोप्सी काही वेळा उपयोगी पडते, पण नेहमीच्या रंगद्रव्यांत कोलॅजन ठीकठाकच दिसलं म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही. कधी कधी धाग्यांची विस्कटलेली रचना फक्त इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसते. बायोप्सीचीही जखम होतेच, म्हणून ती करायची का हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. हर्निया दुरुस्तीसारखी दुसरी शस्त्रक्रिया होणारच असेल, तर नमुना त्याच वेळी घेतलेला बरा.

डीएनए चाचणीसाठी गालाच्या आतून काडीवर घेतलेला नमुना किंवा जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त चालतं. गालाचा नमुना घेण्यापूर्वी अर्धा तास तरी पिल्लाला काही खायला देऊ नका, आणि दूध पीत असेल तर तेवढा वेळ आईपासून वेगळं ठेवा, नाहीतर आईच्या पेशी मिसळतात. काडी हवेत पूर्ण वाळवून कागदी पाकिटात घाला. प्लॅस्टिकमध्ये ओल राहते आणि बुरशी येते. बीगलच्या मुसलाडिन-ल्यूकची चाचणी अमेरिकेतल्या युसी डेव्हिस विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होते. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: अशी चाचणी फक्त माहीत असलेला दोष शोधते. ती नकारात्मक आली आणि पिल्लाची कातडी तरीही फाटत असेल, तर कातडीवर विश्वास ठेवा. दोष दुसऱ्या जनुकात असू शकतो.

गावात जवळच्या डॉक्टरांनी असा आजार पाहिलेला नसेल तर त्यात त्यांचा दोष नाही. महाराष्ट्रात परळला १८८६ मध्ये सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसंच नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीरची महाविद्यालयं आहेत. त्यांच्याकडे रेफर करायला सांगा. जाताना जखमांचे तारखेसह फोटो, लसीकरणाचं कार्ड, आहाराची नोंद आणि आई-बापांची कागदपत्रं बरोबर असू द्या.

पाचवी पायरी: घर बदला

हे काम निदानाची वाट न बघता सुरू करा.

आधी गुडघ्यावर बसून, पिल्लाच्या उंचीवरून घर बघा. लोखंडी कॉटचे कोपरे, बाल्कनीच्या ग्रिलची टोकं, तुटलेली टाइल, वेताच्या खुर्चीतून बाहेर आलेली काडी, दाराची उघडी कडी: जिथे जिथे कातडी अडकू शकते तिथे फोम किंवा जाड कापड बांधा. लादीवर रबराच्या मॅट घाला. सतरंजी स्वतःच घसरते, तिचा उपयोग नाही. झोपायला जाड गादी हवी, नाहीतर कोपरांवर पाण्याच्या गाठी येतात.

मानेतला पट्टा काढून टाका. आतून मऊ अस्तर असलेला रुंद हार्नेस वापरा आणि घरात तोही नको. पिल्लाला मानगुटीने कधीही उचलू नका, एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली हवा. तारांचे ब्रश टाळून मऊ रबराच्या हातमोज्याने किंवा ओलसर टॉवेलने केस साफ करा. नखं दर आठ-दहा दिवसांनी थोडी थोडी कापून कानशीने गोल करा, कारण यातल्या कित्येक जखमा पिल्लू स्वतःच खाजवून करून घेतं. त्याच कारणासाठी पिसवा आणि गोचीड यांचा बंदोबस्त वर्षभर हवा, पावसाळ्यात तर हवाच.

दुसऱ्या कुत्र्यांबरोबर दंगामस्ती बंद. हा नियम मला स्वतःला फार जड वाटतो, कारण पिल्लाचं शिकणं त्याच खेळात होतं. पण त्याची जागा भरता येते: वास घेऊन खाऊ शोधायचे खेळ, शांत आणि वयस्क कुत्र्याबरोबर फिरणं, आज्ञा शिकवणं. सोसायटीतल्या मुलांना जवळ बसवून एकदा समजावून सांगा, मुलं ऐकतात. दिवाळीत आणि गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीच्या दिवशी मात्र पिल्लू आधीच आतल्या, मोकळ्या खोलीत हवं. फटाक्याला घाबरून फर्निचरमधून सैरावैरा पळणाऱ्या पिल्लाला गंभीर जखमा होऊ शकतात.

सहावी पायरी: जखम झालीच तर

अर्धा लिटर पाणी उकळून थंड करा, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवा आणि त्याने जखम हळूच धुवा. कातडीचा पापुद्रा लोंबत असेल तर तो कापू नका, बोटाने अलगद जागेवर पसरा. त्याच पाण्यात भिजवलेलं गॉज वर ठेवा, सैल कापड गुंडाळा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कापूस ठेवू नका, त्याचे तंतू चिकटतात. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तर नकोच. हळदीची पूड जखमेत भरायची आपली जुनी सवय आहे, ती इथे आवरा. पूड जखमेत अडकून बसते, आणि डॉक्टरांना ती धुऊन काढताना कातडी आणखी ओढली जाते. चिकटपट्टी थेट कातडीवर लावू नका, काढताना कातडीही सोबत येते.

डॉक्टरांना आधीच सांगा: "याची कातडी फाटते, टाके धरत नाहीत." मग ताण वाटून जाईल असे टाके किंवा कातडीचा गोंद यांचा विचार त्यांना करता येतो. जखम चाटू नये म्हणून गळ्यात कडक प्लॅस्टिकचा शंकू घातला, तर त्याची कडच मान कापते. मऊ कापडी शंकू किंवा अंगात घालायचा सुती सदरा बरा.

औषधांत दोन गोष्टींची आठवण डॉक्टरांना जरूर करून द्या. खाजेसाठी सर्रास दिली जाणारी स्टेरॉइडं कातडी आणखी पातळ करतात आणि जखम भरणं लांबवतात. एन्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं वाढत्या पिल्लांच्या सांध्यांतल्या कूर्चेला अपाय करू शकतात. पर्याय असताना ती टाळलेली बरी. क जीवनसत्त्व बरेच डॉक्टर देतात, कारण कोलॅजन घट्ट विणायला ते लागतं. पण कुत्र्याचं यकृत ते स्वतः बनवतं, आणि वरून दिल्याने जनुकातला दोष जात नाही. काही पिल्लांना थोडा फायदा झाल्याचं सांगितलं जातं, तेव्हा द्या, पण त्याच्या भरवशावर घरातले कोपरे उघडे ठेवू नका.

बीगल आणि डॅशहुंड

मुसलाडिन-ल्यूकचं पिल्लू एहलर्स-डॅन्लॉसच्या अगदी उलट दिसतं. कातडी इतकी घट्ट की चिमटीत येत नाही. ते पंजाच्या टोकांवर ताठ पायांनी चालतं, बाहेरची बोटं आखूड असतात, डोकं चपटं, डोळे तिरपे. दोन ते चार आठवड्यांच्या वयातच हे लक्षात येतं. काहींना झटके येतात. आजार साधारण वर्षाच्या सुमारास स्थिरावतो, आणि सौम्य प्रकारातली कुत्री स्वभावाने आनंदी राहून छान जगतात. एडीएएमटीएसएल२ या जनुकातला त्याचा दोष २०१० मध्ये सापडला. झटके येत असतील तर गोचिडांवरची चघळायची गोळी देण्याआधी डॉक्टरांना ते सांगा. त्यातल्या आयसॉक्साझोलिन गटाच्या औषधांमुळे झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला होता.

डॅशहुंडमधला ठिसूळ हाडांचा आजार फार कठीण आहे. सर्पिनएच१ या जनुकातला दोष २००९ मध्ये शोधला गेला. गोल्डन रिट्रीव्हर आणि बीगलमध्ये कोलॅजनच्या दुसऱ्या जनुकांमुळे असाच आजार होतो. ओळखायची खूण दातांत आहे: दुधाचे दात पातळ, गुलाबीसर, प्रकाश आरपार जाईलसे दिसतात आणि सहज तुटतात. नुसत्या आहाराच्या दोषाने दात असे होत नाहीत. पिल्लू उचललं तरी कळवळतं, हाडं पुन्हा पुन्हा मोडतात. घरातल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक, त्याला चुकूनही देऊ नका. कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला त्या घातक ठरतात. निदान पक्कं झालं आणि वेदना आवरत नसतील, तर डॉक्टर शांतपणे कायमचं झोपवण्याचा, म्हणजे दयामरणाचा, पर्याय सांगतील. तो ऐकून घेणं आणि स्वीकारणं हीसुद्धा त्या पिल्लाची काळजीच आहे. तसा निर्णय घेणाऱ्याला कोणी निष्ठुर म्हणू नये.

ब्रीडरला कळवा

हे बोलणं टाळलं जातं, आणि तोच दोष पुढच्या वेतात पुन्हा उतरतो. भांडण नको, कागद हवेत. डॉक्टरांचा लेखी अहवाल, फोटो आणि चाचणीचा निकाल पाठवा आणि तीन गोष्टी विचारा: भावंडांत कोणाला असं आहे का, हीच जोडी पुन्हा लावणार आहात का, आई-बापांची चाचणी कराल का.

डॅशहुंडमधला ठिसूळपणा, मुसलाडिन-ल्यूक आणि डोबरमनमधला प्रकार हे अप्रभावी जनुकाचे आजार आहेत, म्हणजे दोषी प्रत आई आणि बाप दोघांकडून आली तरच होणारे. आई-बाप दोघंही निरोगी दिसतात, पण दोघंही वाहक असतात, म्हणजे प्रत्येकात दोषी जनुकाची एक प्रत असते. अशा जोडीच्या पिल्लांत सरासरीने चारांतलं एक बाधित, दोन वाहक आणि एक मोकळं निघतं. म्हणून "आई-बाप तर धडधाकट आहेत" या उत्तराने काहीच सिद्ध होत नाही. लॅब्राडॉरमधल्या प्रकारात दोषी जनुकाची एकच प्रत पुरते, त्यामुळे बाधित कुत्र्याच्या प्रत्येक पिल्लाला निम्मी शक्यता असते. कधी दोष त्या पिल्लातच नव्याने उद्भवलेला असतो, आणि तेव्हा ब्रीडर खरोखरच निर्दोष असतो.

बाधित पिल्लाची वीण कधीही करायची नाही. वाहक कुत्रा मात्र चाचणीत मोकळ्या ठरलेल्या जोडीदाराबरोबर चालू शकतो. सगळे वाहक एकदम बाद केले तर लहान जातीतली विविधता आटते आणि दुसरेच दोष वर येतात. नसबंदीचा निर्णय पिल्लाची कातडी बघून घ्या. नराला वेगळं ठेवणं जमत असेल तर शस्त्रक्रियेची घाई नको. मादीत पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, त्यामुळे अनुभवी शल्यविशारदांशी नीट चर्चा करून वेळ ठरवा.

नवं पिल्लू घेणाऱ्यांनी इतकं तरी बघावं: २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचा दाखला वंशावळ सांगतो, आरोग्य नाही. वंशावळीत आईकडच्या आणि बापाकडच्या बाजूला तीच नावं पुन्हा पुन्हा येत असतील, तर अप्रभावी दोष एकत्र यायची शक्यता वाढते. बीगल किंवा डॅशहुंड घेताना आई-बापांच्या डीएनए चाचणीचा कागद पैसे देण्याआधी मागा, आणि तो नसेल तर ती चाचणी करून देण्याची अट लेखी घाला.